भाकरीसंगं चहा

आई,

आज मी तुझ्या अंगणवाडीत जाऊन आले. उगाच नाही गेले, कामानं गेले. तुझी मदतनीस मावशी, जिला तू "माझा उजवा हात" म्हणायचीस, तिला आता जवळचं दिसेनासं झालंय. तांदळातले खडे पोरांच्या दाताखाली यायला लागले, तशी गावात बोंब झाली, तेव्हा कुठे बाईसाहेब आमच्या दुकानाची पायरी चढल्या. हो, मी श्रीरामपुरात चष्म्याच्या दुकानात काउंटरला बसते, तुला हे माहीत नसणार. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि तुझ्या मनात मी शाळेवर बाई होणार होते. शाळेवरच्या बाईला दिवसभर उभं राहावं लागतं गं. इथे बसून काम आहे. मालक बरा आहे, रक्त चढवायच्या दिवशी सुट्टी देतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, "भरलं का पेट्रोल?" मी म्हणते, "फुल्ल टाकी." तेवढाच आमचा विनोद, वर्षानुवर्षं चाललाय. तर मावशीचा चष्मा तयार झाला, तिचे गुडघे धरलेत, म्हणून म्हटलं आपणच नेऊन द्यावा. तू गेल्यावर आम्ही गाव सोडलं, त्यानंतर मी तिकडे फारशी फिरकले नव्हते. तिथं आज जे झालं ते तुला सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहायला बसले. पण ते शेवटी सांगते. नाहीतर तू म्हणशील, "पैल्यापासनं सांग, शेपटाकडनं नको."

माझी सगळ्यात जुनी आठवण तुझ्या कढईची आहे. लोखंडी, जाड बुडाची, दोन कानांची, आजीनं तुला लग्नात दिलेली. तिच्यात मेथी हिरवी राहायचीच नाही, काळी पडायची, आणि तू खूश व्हायचीस. "काळी झाली म्हंजी लोखंड उतरलं बग तिच्यात." गावातल्या गरोदर बायकांना तू हेच सांगत फिरायचीस. तुझं कामच ते. लोहाच्या गोळ्या वाटायच्या, आणि ज्या बायका त्या गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकून द्यायच्या त्यांना हाताला धरून बसवायचं. गूळ-शेंगदाणे खा, बीट खा, लोखंडी कढईत भाजी कर, रक्त वाढंल. आणि तुझ्याच घरात एक पांढरीफटक पोरगी. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणतच असतील. म्हणून माझ्यावर तर तुझा जास्तच जोर. गुऱ्हाळं सुरू झाली की अण्णा काकवीची बरणी आणायचे, ती माझी एकटीची. धाकट्यानं बोट घातलं तर तू त्याचं बोट पुसून माझ्या तोंडात घालायला कमी करायची नाहीस. वरणात तू धुतलेला खिळा टाकायचीस, चांगला बोटभर लांब, आणि वाढताना पळीनं बाजूला करायचीस. एकदा तो खिळा पाळकसाहेबांच्या ताटात गेला. ते घरी प्रार्थनेला आले होते, तू आग्रहानं जेवायला बसवलंस. त्यांनी खिळा उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "बाई, घर पक्कं बांधताय वाटतं." अण्णा पुढे कितीतरी दिवस एकटेच आठवून हसायचे.

तोवर माझ्या आजाराचं नाव आपल्याला कळलेलं होतं, थॅलेसेमिया. पण नावाच्या पलीकडे काही कळलेलं नव्हतं. नगरला सांगितलं होतं की पोरीच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावं लागेल, जन्मभर. तू अण्णांच्या मामाची मुलगी. आपल्यात मामाची पोरगी म्हणजे हक्काची, लग्नाआधी रक्त कोण तपासतंय, फार तर उंची बघतात. तुम्हा दोघांतही या आजाराचा अर्धा अर्धा दोष होता आणि दोघंही ठणठणीत. माझ्यात दोन्ही अर्धे एकत्र आले. धाकट्याकडे एकच आला, तो बघ कसा रेड्यासारखा आहे. हे मला पुढे कळलं, तुलाही पुढेच कळलं. तेव्हा तुझा विचार सरळ होता, रक्त कमी, तर लोह द्या. तक्त्यावर तसंच छापलेलं होतं, आणि तो तक्ता तूच अंगणवाडीच्या भिंतीला खळ लावून चिकटवला होतास.

मग तो नगरचा दिवस. मी दुसरीत असेन. पिशवी चढून झालेली आहे, माझ्या गालावर थोडा रंग आलाय, आणि तू पिशवीतून गूळ-शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढतेस. तेवढ्यात नवे डॉक्टर येतात. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या अंगातलं लोह तपासलं होतं. कागद हातात, नजर डब्यावर. विचारलं, "हिला काय काय खायला देता?" तू शाळेत पाठ म्हणावा तसं सगळं सांगितलंस, कढई, बीट, काकवी, खिळासुद्धा. तुला वाटलं शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "तुम्ही काम काय करता?" "अंगनवाडीत सेविका हाये, सायेब." "मग तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं! हिला रक्त कमी आहे, लोह कमी नाही. लोह तिच्या अंगात साठतंय. काळजात साठतंय, यकृतात साठतंय. त्यात तुम्ही वरून खिळे चारताय?" वॉर्डात बाकीच्या पोरांच्या आया बसलेल्या होत्या, सगळ्या ऐकत होत्या. डब्याचं झाकण लावलंस, ते नीट बसेना, परत काढून परत लावलंस. स्टँडवर येताना तो डबा तू एका अनोळखी बाईच्या पोराच्या हातात दिलास, डब्यासकट. मी लाडवांसाठी रडले. तुला वाटलं सुई टोचलेली जागा दुखतेय, तू गाडीत गावापर्यंत माझा हात चोळत बसलीस.

घरी आल्यावर पदर खोचून तू कढई उचललीस. अण्णा म्हणाले, "भंगारात घाल." तू म्हणालीस, "माझ्या आईची हाय ती. आन् गावातल्या पोरान्ला लोखंड पायजेलच की." कढई अंगणवाडीत गेली. घरात ॲल्युमिनियमचं पातेलं आलं. डॉक्टरांनी जाता जाता आणखी एक सांगितलं होतं, जेवणाबरोबर कोरा चहा दिला तर अन्नातलं लोह अंगात कमी उतरतं. झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटापाशी चहाचा कप. भाकरी-भाजी-चहा, खिचडी-चहा, नाताळच्या मटणाबरोबर चहा. "आदी घोट, मंग घास." शेजारची काकू दारातून ओरडायची, "अगं बया, कालवन न्हाई का घरात? लेकराला भाकरीसंगं चहा देतीया!" तू म्हणायचीस, "माझ्या लेकराचं कालवन माझं मी बगीन, तू तुझी डाळ बग, करपाया लागली." लग्नाच्या पंगतीत तू पदराखालून थर्मास काढायचीस. राहात्याला त्या मावसभावाच्या लग्नात वाढपी थांबून बघत राहिला, जिलबीचं ताट त्याच्या हातात तसंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी तुझ्यावर इतकी चिडले की परतीच्या गाडीत तुझ्याशेजारी बसले नाही. तू आपली थर्मास मांडीवर धरून पुढच्या सीटवर, आणि दर थांब्याला मान वळवून मागे बघत होतीस.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती चापट. शाळा लवकर सुटली होती, मी दप्तरासकट अंगणवाडीत आले. तू पोरांना कढईतली मेथीची भाजी आणि खिचडी वाढत होतीस. तीच काळी मेथी. तो वास घरातून गेल्याला वर्षं झाली होती. मी पोरांच्या ओळीत बसले आणि एका थाळीत हात घातला. तू पळीसकट धावत आलीस आणि माझ्या हातावर अशी मारलीस की पळीतली भाजी माझ्या फ्रॉकवर उडाली. "तुझं न्हाई ते! तुझं न्हाई!" तू मला त्याआधी कधी मारलं नव्हतंस, त्यानंतरही नाही. रक्त काढायला सतरा वेळा टोचलेला हात होता तो. मग तू मागच्या चिंचेपाशी गेलीस आणि मावशीनं माझा फ्रॉक पुसला. मी बघितलं तर तू झाडाकडे तोंड करून उभी होतीस, पाठ हलत होती. मला त्या वयात वाटलं, मारलं मला आणि रडतेय ही.

त्यानंतर ते पंपाचं सुरू झालं. साठलेलं लोह बाहेर काढायचं औषध पोटात बारीक सुई खुपसून तासन् तास द्यायचं, आठवड्यातून जवळजवळ रोज. जेवणं झाली की तू हात धुऊन बसायचीस. मी पळायचे, न्हाणीघरात लपायचे. मग तू शक्कल काढलीस. जुनी सुई आधी स्वतःच्या दंडाला टोचायचीस, माझ्यासमोर, आणि म्हणायचीस, "हे बग. काय झालं? काय बी न्हाई झालं." रोज. तुझ्या दंडावर त्या खुणा होत्या, तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा काकूनं मला विचारलं, हे कशाचं? मी सांगितलं नाही. ते आपल्या दोघींचं होतं.

तू गेलीस ती सकाळची. बायकांची बीपी मोजायला नर्सबाईंबरोबर सगळ्या गावात फिरायचीस आणि स्वतःचा दंड कधी त्या पट्ट्यात दिला नाहीस. डोकं दुखतंय म्हणालीस, बसलीस, पडलीस. श्रीरामपूरला नेलं तेव्हा संपलेलं होतं. मेंदूत रक्तस्राव. माझ्यासाठी जन्मभर दारोदार रक्त मागत फिरलीस, दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्याच्या टंचाईत, चर्चच्या पोरांना, कारखान्याच्या पोरांना, "येक बाटली द्या रं माझ्या लेकीला." तुला एक बाटली चढवायची वेळसुद्धा तू येऊ दिली नाहीस. मी कबरस्तानात रडले नाही. मला फार राग आला होता. असं कोणी जातं का?

आता मुद्द्याचं. तू गेल्यावर लोह काढायच्या गोळ्या आल्या, पंप सुटला. आणि दोनेक वर्षांपूर्वी धाकटा मोबाईल नाचवत आला. "ताई, हे बघ. तुझ्या आजारावर इलाज निघाला. बरा होतो. एकदाच करायचं, मग रक्त नाही, काही नाही." मी म्हटलं, "कोणत्या बाबाचा अंगारा आहे?" कारण आपल्याला असे इलाज सांगणारे थोडे भेटले? शिंगणापूरला तेल वाहा म्हणणारे, गाढविणीचं दूध पाज म्हणणारे, आणि आपल्याच चर्चच्या मंडळीतले, विश्वास कमी पडतोय म्हणणारे. पण हे खरं निघालं. आपल्याच अंगातल्या रक्त बनवणाऱ्या पेशी काढून घ्यायच्या, त्यांच्यातला बिघाड प्रयोगशाळेत दुरुस्त करायचा, आणि आपल्याच अंगात परत सोडायच्या. भावाबहिणीची अस्थिमज्जा जुळायला नको. तुला आठवतं, धाकट्याचं जुळत नाही असं कळलं तेव्हा तो किती रडला होता? जणू त्यानं मुद्दाम जुळू दिलं नाही. परदेशात लोक याच्यानं बरे झालेत. तिथली किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "आख्खा कारखाना विकला तरी न्हाई व्हायचं." मग गेल्या वर्षी कळलं की आपल्याकडेही मोठ्या हॉस्पिटलात चाचणी म्हणून हे करणार आहेत, फुकट, थोड्या लोकांवर. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझे कागद पाठवले. वयाची अट पस्तिशीच्या आतली, आणि मी तेहेतीस.

आई, मला आशा करायची नव्हती. मी शहाणी आहे, आशेनं काय होतं ते मला ठाऊक आहे. पण ती काय विचारून येते? दुकानात चष्मे पुसता पुसता माझ्या डोक्यात सुरू व्हायचं. रक्त चढवायचं नसेल तर महिनाभर कुठेतरी जाऊन राहता येईल. समुद्र बघता येईल. नगरच्या वॉर्डात माझ्याबरोबरची जी पोरं होती, त्यांतली निम्मी तुझ्याकडे आली आहेत, तू भेटली असशील. मला वाटायचं, मी बरी झाले तर त्यांच्या आयांना काय तोंड दाखवू? बघ, मूल झालं नाही आणि बारशाची चिंता. अण्णांचं तर विचारूच नकोस. चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहून सांगून टाकलं, "माझ्या लेकीचं काम झाल्यात जमा हाय." झाल्यात जमा! मी घरी येऊन त्यांच्यावर ओरडले. ते म्हणाले, "तुझी आई असती तर आजच पेढं वाटलं असतं तिनं." आणि हे मात्र खरं होतं.

महिन्यापूर्वी पुण्याला हृदयाचा आणि यकृताचा तो मोठा स्कॅन झाला, लोह किती साठलंय ते बघायचा. धाकटा बरोबर होता. नळकांड्यात झोपवतात, श्वास धरा म्हणतात, सोडा म्हणतात. मी मनात म्हणत होते, नीट धर, नीट सोड, जणू चांगला श्वास धरला तर चांगला रिपोर्ट येणार आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. वयानं माझ्याएवढीच असेल. तिनं आधी पाणी दिलं तेव्हाच मला कळलं. म्हणाली, "ताई, हृदयात लोह बरंच आहे. त्या उपचाराआधी फार जड औषध द्यावं लागतं, जुन्या पेशी मारायला. या हृदयाला ते झेपणार नाही. मी नाव पुढे पाठवू शकत नाही." धाकटा म्हणाला, "मग ते लोह काढा ना! काढायचं औषध आहे ना!" ती म्हणाली, "काढू. औषध वाढवू, दोन-दोन औषधं देऊ. पण हृदयातून फार हळू निघतं. वर्ष, दोन वर्षं, जास्तही." वयाची अट तिनं बोलून दाखवली नाही. धाकट्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच हात खिशात घातला.

मी मूर्खासारखं विचारलं, "लहानपणी मी खूप गूळ खाल्ला होता. लोखंडाच्या कढईतलं खात होते. वरणात खिळा टाकायची आई. त्याचं आहे का हे?" तुला सांगते, इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, का ते मला माहीत नाही. कदाचित "हो" म्हणतील म्हणून. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "नाही हो ताई. प्रत्येक पिशवीतल्या रक्तात लोह असतं आणि ते अंगाबाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही. तुम्ही जन्मभर घेतलेलं रक्त आहे हे. गुळाचं काय घेऊन बसलात? ते त्यापुढे चिमूटभर." मी म्हटलं, "मग तेव्हा डॉक्टर आईला ओरडले होते ते?" ती म्हणाली, "बंद करायला सांगितलं ते बरोबरच. पण हे त्यानं झालेलं नाही."

म्हणजे बघ. ज्या रक्तानं मला तेहेतीस वर्षांची केलं, त्यानंच दार लावलं. आता कुणावर चिडू? रक्त देणाऱ्या पोरांवर? त्यांचे मी चेहरेसुद्धा पाहिलेले नाहीत. पुढच्या सोमवारी मला परत नगरला जायचंय, परत एक पिशवी घ्यायची, घेतली नाही तर उभी राहू शकत नाही, आणि घेतली की तिच्याबरोबर आणखी थोडं लोह. माझ्या हातात काही नाही, आई. गोळ्या वेळेवर खाणं एवढंच आहे, ते मी करते. बाकी काही नाही. हे लिहितानासुद्धा माझी चिडचिड होतेय. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, "फोन आला का गं?" मी म्हणते, "बघतायत." धाकटा ताटातून वर बघत नाही.

तर आज अंगणवाडी. तुझा तक्ता गेलाय, भिंती निळ्या केल्यात, नवी सेविका शिकलेली आहे आणि मोबाईलवर पोरांचे फोटो काढून वर पाठवत बसते. ती मीटिंगला गेली होती. मावशी एकटीच होती. चष्मा लावून तिनं पहिलं काय केलं असेल? माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. "किती पिवळी पडलीस गं बाय. तवाच्यापरीस पिवळी." म्हटलं, "मावशी, चष्मा तांदूळ निवडायला दिलाय, मला निवडायला नाही." पोरं जेवून गेली होती. आणि कोपऱ्यात ती होती, आई. तुझी कढई. एक कान तुटलाय, तिथं तार बांधलीय. बुडाला मेथीची भाजी राहिली होती, काळी. मावशी म्हणाली, "नवीन कुकर आलाय, पर भाजी मी हिच्यातच करती. बाईंची हाय ना."

मग ती तुझ्याबद्दल बोलायला लागली, आणि म्हणाली, "लई जळायची गं मनातनं. ही कढई घासताना म्हनायची, मावशी, समद्या गावाची पोरं मी हिच्यात वाढविली आन् माझ्या पोरीला हिच्यातनंच ईख चारलं. म्या म्हनायची, बाई, न्हाई वो तसं. पर न्हाई. मरायच्या आदल्या दिशी बी म्हनाली." मला हे माहीत नव्हतं. म्हणजे तुझी पाठ हलत होती ते दिसलं होतं, थर्मास दिसला होता, दंडावरच्या खुणा दिसल्या होत्या. पण तू ते असं, या शब्दांत, रोज घासत होतीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मावशीला डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं, सगळं, नाव कटल्याचंही. अण्णांना नाही सांगितलं आणि हिला सांगितलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणाली, "म्हंजी तिच्या हातनं झालंच न्हवतं?" मी म्हटलं, "नव्हतं." "मंग आता ते तिला कोन सांगनार?"

म्हणून हे. ऐक. तुझ्या हातून झालं नव्हतं. तुझ्या गुळानं नाही, काकवीनं नाही, खिळ्यानं नाही, कढईनं नाही. तू बारा वर्षं घातलेला चहा मी सोडलेला नाही, अजून भाकरीबरोबर घेते, दुकानातल्या पोरी हसतात. पण तुझ्या हातून झालं नव्हतं. मला बरं करता येत नाही आणि तुला सांगता येत नाही, मग मी करायचं तरी काय? कबरीवर हा कागद ठेवावा म्हटलं तर आपलं कबरस्तान उघड्यावर, वारं उडवून उसात नेईल, आणि तुला ते आवडायचं नाही, घरातलं बाहेर गेलेलं. पाळकसाहेब म्हणतील, प्रार्थनेत सांग, पोचतं. प्रार्थनेत मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. राहू दे. वहीत घडी घालून ठेवते.

एक राहिलं. मावशीला म्हटलं, मला भूक लागलीय. तिनं सकाळची भाकरी काढली, आणि मी म्हटलं, भाजी दे. ती थबकली. "हिच्यातली?" "हिच्यातली." तिनं इकडेतिकडे बघितलं, जणू तू दारात उभी आहेस. मग म्हणाली, "थांब मंग, तुझा चहा टाकती. तुझ्या आईनं आन घातलेली हाय मला." तिनं कोरा चहा केला, कप माझ्या ताटापाशी ठेवला आणि भांडी घासायला मागं गेली. मी कढई पुढे ओढली आणि भाकरीनं बूड पुसून खाल्लं. तसंच लागलं गं, अगदी तसंच. हातावर कुणी मारलं नाही. चहा मी चिंचेच्या बुडाशी ओतला, आणि मावशीला सांगितलं, प्याले.